चोरीच्या पैशात सरकारचा वाटा पहिला, ज्याची चोरी झाली तो रांगेत शेवटचा

मटका, चोरटी दारू, लाच, तस्करी, खंडणी. या पैशावर आयकर लागतो का, असे विचारले की बहुतेक लोक हसतात. चोर कधी रिटर्न भरतो का, म्हणतात. पण कायद्याचे उत्तर सरळ आहे. लागतो. आयकर कायदा उत्पन्न पाहतो, ते कुठल्या वाटेने आले हे पाहून सूट देत नाही. शिक्षकाचा पगार आणि तस्कराचा नफा, दोन्ही त्याच्या दृष्टीने उत्पन्नच.

ही गोष्ट आम्हाला चुकीची वाटत नाही. आमचे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. गुन्ह्याचा पैसा म्हणजे कुणाचा तरी लुटलेला पैसा. त्यातला वाटा सरकार कर म्हणून घेते. मग ज्याचा पैसा लुटला, त्याचे काय? या प्रश्नाला आपल्या करव्यवस्थेत फारशी जागा नाही. आणि लुटले जाणारे बहुतेक वेळा आपले लोक असतात, म्हणून हा विषय वकील-सीए मंडळींवर सोडून देता येत नाही.

कायदा काय सांगतो

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण या प्रश्नाचा कीस तिथे सर्वात जास्त पाडला गेला. १९२७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सलिव्हन नावाच्या चोरट्या दारूविक्रेत्याला सांगितले की, धंदा बेकायदा असला तरी रिटर्न भरावाच लागेल. 'रिटर्न भरले तर माझाच गुन्हा उघड होईल' ही त्याची सबब चालली नाही. १९३१ मध्ये शिकागोचा कुख्यात गुंड अल कपोन ११ वर्षांसाठी तुरुंगात गेला, तोही करचुकवेगिरीच्या गुन्ह्यात. ज्याच्या टोळीने माणसे मारली, त्याला खुनासाठी कुणी हात लावू शकले नाही, पण हिशोबाच्या वहीने गाठले. ही गोष्ट सगळे जण कौतुकाने सांगतात. ती शिक्षा सरकारचा कर बुडवल्याची होती, मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांना त्यातून काय मिळाले, हे कुणी विचारत नाही.

त्याच न्यायालयापुढे १९४६ मध्ये विल्कॉक्स खटला आला. एका हिशोबनिसाने मालकाचे पैसे खाल्ले होते. न्यायालय म्हणाले, हे पैसे त्याला परत करायचेच आहेत, म्हणजे ते त्याचे उत्पन्न नाही. त्यावर कर लावला तर जो पैसा मालकाचा आहे त्यातल्या एका भागावर सरकार आपला हक्क आधी सांगेल, आणि ते न्याय्य नाही. पंधरा वर्षांनी, १९६१ मध्ये, जेम्स खटल्यात हाच निकाल फिरवला गेला. अपहार केलेला पैसाही करपात्र ठरला. का? कारण प्रामाणिक माणसाने कर भरायचा आणि चोराने मोकळे राहायचे, हे कसे चालेल? चोराने पुढे पैसे परत केले तर त्या वर्षी त्याला वजावट मिळेल, असे ठरले.

आमच्या मते या दोन्ही निकालांत अर्धे अर्धे सत्य आहे. चोराला करमाफी मिळता कामा नये, हे १९६१ चे सत्य. चोरीच्या पैशावर पहिला हक्क ज्याची चोरी झाली त्याचा, हे १९४६ चे सत्य. दोन्ही एकत्र नांदू शकतात. त्यासाठी फक्त रांग बदलावी लागते.

आता आपल्याकडे या. १९५८ मध्ये पियारा सिंग नावाचा माणूस पाकिस्तानच्या सीमेवर ६५,५०० रुपयांच्या नोटांसह पकडला गेला. नोटा जप्त झाल्या. आयकर खात्याने त्याच्यावर कर लावला, तेव्हा तो म्हणाला, जप्त झालेली रक्कम हा माझ्या धंद्यातला तोटा आहे, तो वजा करा. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. तस्करी हाच धंदा म्हणून कर लावता, तर त्या धंद्याचा तोटाही मोजा, असा तो तर्क. १९९८ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ठेवली की गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजा मिळणार नाही. ही दुरुस्ती १९६२ पासून लागू केली गेली. तरीही २००६ मध्ये एका डॉक्टरकडून जप्त झालेल्या हेरॉइनच्या किमतीची वजावट सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, कारण तो 'खर्च' नसून 'तोटा' आहे. शेवटी २०२३ मध्ये चांदीच्या तस्करीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने जप्त मालाची वजावट नाकारली.

म्हणजे पन्नास-साठ वर्षे देशातली मोठी डोकी भांडत होती ती कशावर? तस्कराचा तोटा किती आणि सरकारचा कर किती, यावर. हे भांडण दोघांचे होते. तिसऱ्या माणसाचा, ज्याचे नुकसान झाले त्याचा, त्या कागदांत उल्लेखही नाही. तस्करीत हा तिसरा माणूस चटकन दिसत नाही हे खरे. पण बाकीच्या गुन्ह्यांत तो समोर उभा असतो.

गुन्ह्याचे सर्वात मोठे उत्पन्न कोणते?

गुन्ह्याचा पैसा म्हटले की डोळ्यांसमोर डॉन येतो, सोन्याची बिस्किटे येतात. सिनेमाने आपल्याला तेवढेच दाखवले. पण आपल्या वस्त्यांत काम करताना आम्हाला रोज दिसणारा गुन्ह्याचा पैसा वेगळा आहे. तो कापलेल्या मजुरीचा आहे.

१९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही वेठबिगारी आहे आणि त्याने संविधानाच्या कलम २३ चा भंग होतो. कलम २३ स्वतःच म्हणते की त्याचा भंग हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा राहील. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्येही ही यादी आहे: (फ) आणि (ग) जमीन बळकावणे व जमिनीवरून हुसकणे, (ह) वेठबिगारी करायला लावणे, (ज) हाताने मैला काढायला लावणे. या कायद्याला अनेक जण फक्त शिवीगाळीचा कायदा समजतात. वास्तविक तो आर्थिक गुन्ह्यांचाही कायदा आहे. या प्रत्येक गुन्ह्यात कुणाच्या तरी खिशात पैसा जातो.

साधा हिशोब करू. समजा एका ठेकेदाराकडे २० सफाई कामगार आहेत आणि तो प्रत्येकाला किमान वेतनापेक्षा दिवसाला १५० रुपये कमी देतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८,००० रुपये. वर्षाचे ९,३६,०००. हा त्याचा नफा. ३० टक्के दराने सरकारला २,८०,८०० रुपये कर गेला. ठेकेदाराकडे ६,५५,२०० उरले. कामगाराला मिळाले शून्य. कर भरून झाल्यावर ठेकेदाराकडे रिटर्नची पावती आहे, बँकेत त्याची पत आहे, पुढच्या टेंडरला तीच पावती जोडायची आहे. कामगाराकडे त्याच्या हरवलेल्या १५० रुपयांचा कागद नाही.

दुसरी रीतही सर्वांना माहीत आहे. कागदावर पूर्ण पगार दाखवायचा, कामगाराच्या खात्यात तो जमाही करायचा, आणि मग एटीएममधून काढलेली रक्कम रोखीने परत घ्यायची. इथे ठेकेदार कामगारालाही लुटतो आणि करही बुडवतो. उद्या आयकर खात्याची धाड पडली आणि ती रोकड सापडली, तर खुलासा देता न येणाऱ्या पैशावर जबर कर बसतो. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने या कराचा दर ३० वरून ६० टक्क्यांवर नेला, त्यावर अधिभार वेगळा. ऐकायला बरे वाटते. पण ती रोकड ज्या वीस जणांच्या पगारातून निघाली, त्यांच्या हाती त्यातला एक रुपया येत नाही. चोराची शिक्षा वाढली, मालकाचा हक्क वाढला नाही.

त्याच महिन्यात आलेल्या योजनेचे नाव तर 'प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना' होते. अघोषित रोकड जाहीर करा, कर, अधिभार आणि दंड मिळून निम्मी रक्कम भरा, आणखी पाव रक्कम चार वर्षे बिनव्याजी ठेवा. भ्रष्टाचार, अमली पदार्थ अशा काही गुन्ह्यांतल्या लोकांना त्यातून वगळले होते, हे मान्य करायला हवे. पण जाहीर झालेला पैसा कोणत्या गरिबाकडून लुबाडला, हे शोधून त्याला परत देण्याची सोय त्या योजनेत नव्हती. नावात गरीब, रांगेत मात्र गरीब नाही.

आणि ठेका जर महापालिकेचा असेल तर? तेव्हा ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून १ किंवा २ टक्के टीडीएस महापालिका स्वतःच कापते. याचा अर्थ नीट समजून घ्या. गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ज्या कामात तो उतरवला जातो त्या कामाचे बिल सरकारी संस्था देते आणि त्यातला कर सरकारच्या तिजोरीत वेळेवर जातो. करकपातीची नोंद चोख असते. कोण उतरला, किती वेळा उतरला, त्याला किती मिळाले, ही नोंद नसते. माणूस मेला तर सर्वोच्च न्यायालयाने आधी १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ३० लाखांची भरपाई ठरवली. जिवंतपणी त्याच्या जिवावर कमावलेल्या नफ्यात मात्र त्याचा वाटा कुणी ठरवलेला नाही.

रांगेत पहिला कोण?

कुणी म्हणेल, सरकार मुद्दाम पुढे थोडेच घुसते. तर १९९२ चा रोखे घोटाळा आठवा. हर्षद मेहता प्रकरणानंतर खास न्यायालयाचा कायदा झाला. घोटाळेबाजांची जप्त मालमत्ता विकून आलेला पैसा कुणाला कोणत्या क्रमाने द्यायचा, हे त्याच्या कलम ११ मध्ये लिहिले आहे. पहिला क्रम सरकारच्या करांचा. दुसरा क्रम बँका आणि वित्तीय संस्थांचा, म्हणजे ज्यांचा पैसा गेला त्यांचा. बाकीचे त्यानंतर. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर थोडा लगाम घातला. पहिल्या क्रमात ठरावीक काळाचा मूळ करच येईल, त्यावरचे व्याज आणि दंड येणार नाही, असे सांगितले. पण मूळ क्रम तसाच राहिला. जिथे लुटल्या गेलेल्यांत स्टेट बँकेसारखी संस्था होती, तिथेही सरकार आधी आणि बँक नंतर. मग जिथे लुटली गेलेली बाई वीटभट्टीवरची मजूर आहे, तिचा नंबर कितवा?

ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ७ पाहा. दोषी ठरलेल्याने गुन्ह्यासाठी वापरलेली मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार विशेष न्यायालयाला आहे. पण ती जप्त होऊन जाते कुणाकडे? सरकारकडे. पीडिताला नियमांप्रमाणे अर्थसहाय्य मिळते, २०१६ च्या दुरुस्तीनुसार गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत. ते मिळालेच पाहिजे, वेळेवर मिळाले पाहिजे. पण ते येते जनतेच्या तिजोरीतून. अत्याचार करणाऱ्याने वेठीतून, बळकावलेल्या जमिनीतून जे कमावले, त्याला धक्का लागत नाही. गुन्हा त्याने करायचा आणि भरपाई सगळ्या जनतेने द्यायची, हा कुठला न्याय?

'पैसा शेवटी गरिबांवरच खर्च होतो ना?'

आमच्याशी वाद घालणारे काही मित्र म्हणतात, कर सरकारकडे गेला म्हणजे तो योजनांतून परत आपल्याकडेच येतो, मग कुणाचा कितवा क्रम यावर भांडण कशाला?

या युक्तिवादात दोन गफलती आहेत. पहिली, योजनांचा पैसाही सुरक्षित नसतो. मातंग समाजाच्या विकासासाठी असलेल्या अण्णाभाऊ साठे महामंडळाचे प्रकरण २०१५ मध्ये बाहेर आले. शेकडो कोटींच्या अपहाराचे आरोप झाले, तत्कालीन अध्यक्ष असलेल्या आमदाराला अटक झाली. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आमचा प्रश्न एवढाच की, ज्या मातंग तरुणाच्या कर्जाचा अर्ज त्या काळात धूळ खात पडला, त्याचे गेलेले वर्ष कोणत्या हिशोबात धरायचे?

दुसरी गफलत जास्त खोल आहे. माझी मजुरी माझा हक्क आहे. ती चोरून, त्यातून कर कापून, मग तोच पैसा मला 'अनुदान' म्हणून देणे म्हणजे हक्काचे भिकेत रूपांतर करणे. मजुरी घेताना कामगार ताठ उभा असतो. योजनेच्या रांगेत त्याला वाकायला लावले जाते, जातीचा दाखला, रेशनकार्ड, साहेबाची सही यांसाठी हेलपाटे घालावे लागतात. रुपया तोच राहिला तरी माणसाची जागा बदलते.

बाबासाहेबांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थकारणावरचा ग्रंथ वाचावा. कर किती गोळा झाला यावर ते थांबत नाहीत. तो कुणाच्या पाठीवर बसला आणि कुणावर खर्च झाला, हे ते तपासतात. मिठासारख्या करांचा बोजा गरिबांवर पडत होता, हे ते दाखवतात. पुढे महार वतनाच्या प्रश्नात त्यांनी हेच केले. गावकी आणि सरकार दोघेही महारांकडून रात्रंदिवस काम करून घेत, बदल्यात जमिनीचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर सरकारची जुडी. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद झाली, तीही वाढवलेल्या जुडीविरुद्ध. वेठही आमची आणि वेठीवरचा करही आमच्याकडून! अन्यायातून सरकारने आपला वाटा काढणे ही इथे नवी गोष्ट नाही. फक्त नाव बदलले आहे.

आपल्या मंडळांच्या पावत्यांचे काय?

सरकारला प्रश्न विचारताना आपल्या अंगणातही पाहावे लागते. जयंतीच्या काळात वर्गणीची पावती कुणाकुणाच्या नावाने फाटते? वस्तीत मटक्याची टपरी चालवणारा, २०१२ पासून राज्यात बंदी असलेला गुटखा पोरांना विकणारा, सफाईच्या ठेक्यात आपल्याच पोरांची मजुरी खाणारा, हे सगळे मोठ्या रकमेचे 'देणगीदार' असतात. बॅनरवर बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांचे फोटो असतात. सरकार कर घेऊन त्यांना पावती देते, मंडळ वर्गणी घेऊन त्यांना प्रतिष्ठा देते. दोघांचाही व्यवहार एकच.

भगवान बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. उपासकाने शस्त्र, प्राणी-माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, अशी शिकवण आहे. म्हणजे पैसा कुठून आला हा प्रश्न धम्मात पहिला येतो, किती आला हा नंतर. दान दिल्याने वाईट मार्गाचा पैसा शुद्ध होत नाही. कर भरल्यानेही होत नाही. जयंती दोन दिवे कमी लावून करता येते. मजुरी खाणाऱ्याच्या पैशाने केलेली जयंती मात्र त्या मजुराच्या तोंडावर मारल्यासारखी असते.

मग मागणी काय?

गुन्ह्याच्या पैशावरचा कर रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. तो रद्द झाला तर महिन्याच्या पगारातून कर कापून घेणारी नर्स आणि शिक्षक मूर्ख ठरतील, आणि मटकेवाला शहाणा. कर राहू द्या. क्रम बदला.

एक. गुन्ह्यातून आलेल्या पैशावर पहिला हक्क पीडिताचा, दुसरा कराचा, तिसरा दंडाचा, असा स्पष्ट क्रम कायद्यात लिहा. त्यासाठी शून्यापासून सुरुवात करायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये वाट आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते आणि ती पीडितांमध्ये वाटण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांना देऊ शकते. हे वाटप ६० दिवसांत करायचे आहे. पीडित नसेल किंवा वाटून उरले, तरच उरलेले सरकारजमा. हाच आमचा क्रम आहे. प्रश्न तो वापरण्याचा आहे.

दोन. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ७ मध्ये 'सरकारजमा' या शब्दाआधी पीडिताचा हक्क यावा.

तीन. सरकारी ठेक्याचे बिल देताना टीडीएस जितका काटेकोर कापला जातो, तितकीच कामगारांच्या मजुरीची तपासणी काटेकोर व्हावी. मजुरी पूर्ण पोचल्याशिवाय बिल निघू नये. आणि आयकर तपासात बुडवलेली मजुरी सापडली तर ती माहिती कामगार खात्याकडे गेलीच पाहिजे.

पीडित शोधणे अवघड असते, असे अधिकारी म्हणतील. तस्करीत असेल. पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर वीस नावे असतात. बळकावलेल्या जमिनीच्या जुन्या सातबाऱ्यावर नाव असते. तिथे शोधायचे काय? तिथे फक्त द्यायचे बाकी आहे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना एक काम आजपासून करता येते. वेठ, मजुरी, जमीन, मैलासफाई यांतला कोणताही गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात जाल, तेव्हा फिर्यादीसोबत रुपयांचा हिशोब जोडा. किती दिवस, किती माणसे, किती मजुरी बुडाली, जमिनीचे किती हंगाम गेले. कलम १०७ खाली जप्तीसाठी न्यायालयात अर्ज तपास अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या मंजुरीने करायचा असतो. तो करावा अशी लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. अपमानाची नोंद आपण करतोच. आता लुटीचीही नोंद करू. आपल्या लोकांचे किती रुपये गेले हे आपणच लिहून ठेवले नाही, तर ते कुणाच्या तरी 'उत्पन्नात' दिसतील, त्यावर कर भरला जाईल आणि हिशोब कायमचा मिटेल.

जय भीम!